हरणीचं दावं

वामनरावांच्या मोटारीचं नाव हरणी होतं. हरणाशी तिचं साम्य म्हणाल तर एवढंच, की माणूस जवळ आलं की तीही थरथरायची. खामगावच्या कुण्या कापसाच्या जिनवाल्यानं ती वापरली, वापरून वापरून कंटाळला, आणि मग अमडापूरच्या वामनरावांनी ती 'नवी' म्हणून घेतली. माल वाहायची मोटार. पुढं दोन माणसं बसतील एवढी जागा आणि मागं लाकडी पेटी. त्या पेटीतून सरकी जायची, गुरांची ढेप जायची, आणि लोणारच्या तळ्यातला खार खामगावच्या साबणवाल्याकडं जायचा. या खारानंच घात केला. पोत्यांतून सांडून सांडून त्यानं हरणीचा तळ पार खाऊन टाकला. शेवटी डायव्हरच्या पायाखालचा पत्राही गेला आणि बसल्या जागेवरून खालची वाट दिसायला लागली. उतारावर बिरेक कमी पडला की पुंजाजी डायव्हर दोन्ही पाय त्या भोकातून खाली सोडायचा आणि जमिनीवर घासायचा. वहाणा फार लागायच्या, पण मोटार थांबायची.

मग लढाई लागली. कुठं जर्मनी अन् कुठं अमडापूर! पण पेट्रोल चिठ्ठीवर गेलं आणि वामनरावांना चिठ्ठी काही मिळेना. टेकाडावरच्या गोदामाशेजारी कडुलिंबाखाली हरणी उभी केली ती उभीच राहिली.

मोटार थांबली, पण पुंजाजीची डायव्हरकी काही थांबली नाही. हे नीट ध्यानात घ्या, कारण सगळं रामायण इथूनच सुरू होतं. मोटार यायच्या आधी हा माणूस गावात नुसता 'पुंज्या' होता. 'ए पुंज्या, पोतं उचल.' 'ए पुंज्या, तिकडं सरक.' लग्नाच्या पंगतीत पुंज्याला अगदी शेवटी, जिथं वाढपी पोचेपर्यंत वरण संपायचं, तिथं बसवायचे. वामनरावांनी त्याला खामगावला धाडून मोटार शिकवली आणि तो परत आला तो डायव्हर होऊन. त्या दिवसापासून गावाची जीभच पालटली. 'या डायव्हर, बसा डायव्हर!' पंगतीत पहिल्या ओळीत पाट मिळाला. घरात तानुबाई नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, तिला हा शब्द आयताच सापडला. "डायव्हर, जेवाले या वो!" अशी ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारायची. हरणी बंद पडल्यावरही पुंजाजी रोज सकाळी खाकी कोट चढवून टेकाडावर जायचा, तिला फडक्यानं पुसायचा आणि तिच्यासमोर बसून विडी ओढायचा. मोटार उभी आहे तोवर आपण डायव्हर आहोत, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं.

आणि एका सोमवारी जहांगीरभाई आला.

जहांगीरभाई खामगावचा भंगारवाला. लढाईमुळं लोखंडाला कधी नव्हे तो भाव आला होता आणि जहांगीरभाई गावोगाव सायकलवर फिरून गंजकं लोखंड हुंगत होता. त्यानं हरणीभोवती एक फेरी मारली, टरबूज पाहावं तसं ठिकठिकाणी टिचकी मारून पाहिलं, आणि वामनरावांकडं वळला.

"गुरुवारी येतो वामनरावजी. माही लॉरी कोळशाच्या धुरावर चालते, तिच्यानं हे टेकाड चढवत नाही. तुमी गाडी खाली सडकेवर आनून द्या, मी मागं बांधून नेतो. पन तैयार करून ठेवा. लाकूड काढा, कचरा काढा, त्या कोंबड्या काढा. आन् लोखंड पुरं पायजे बरं! सामान गावात इकडं-तिकडं गेला असंन तं गोळा करा."

"हाव, हाव," वामनराव म्हणाले. "आमचा डायव्हर करते सारं."

डायव्हर तिथंच उभा होता. त्याच्या हातातली विडी विझली तरी तो ओढतच राहिला.

घरी जाऊन त्यानं कोट खुंटीला टांगला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. तानुबाईनं दोनदा विचारलं तेव्हा कुठं बोलला.

"हरणी चालली. आता मले काय म्हनतीन लोक?"

"मी तं डायव्हरच म्हनीन. मले दुसरं म्हनताच येत नाही."

"तुह्यं सोड वो. गाव काय म्हनीन?"

तानुबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

दुसऱ्या दिवसापासून हरणीला तयार करायचं काम निघालं. आता तयार करायचं म्हणजे काय, तर आधी ती जमवायची. उभी मोटार म्हणजे काय गावाचा मालच! ज्याला जे लागेल ते त्यानं खोलून नेलं होतं, आणि डायव्हरनंही 'न्या हो, पन डायव्हरले इचारून न्या' एवढ्यावर समाधान मानलं होतं. आरसा न्हाव्याकडं निघाला. भोंगा एका वावरात निघाला, तिथला राखणदार ज्वारीवरचे राघू हाकलायला तो वाजवत होता आणि राघूंना आता त्याची इतकी सवय झाली होती की भोंगा वाजला की ते जेवायला यायचे. बानेटावर वामनरावांच्या बायकोचे, रुखमाबाईंचे, सांडगे वाळत होते. आणि पुढचं मडगार्ड निघालं हिंमतरावाच्या बैलांच्या कोठ्यात.

हिंमतराव म्हणजे गावातला बडा गाडीवान. त्याची बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत धावायची. हरणी येण्याआधी वामनरावांचा सारा माल त्याच्याच गाड्यांतून खामगावला जायचा. मोटार आली आणि त्याचं काम गेलं. तेव्हापासून तो डायव्हरला पाण्यात पाहत होता. तोंडानं मात्र साऱ्यांसारखा 'डायव्हर, डायव्हर' करायचा, कारण खामगावहून बायकोची औषधं आणायला डायव्हरच लागायचा.

"मडगार्ड द्या हिंमतराव," पुंजाजी म्हणाला.

"काऊन? माहे बैल त्याच्यात पानी पेतात."

"हरणी भंगारात चालली. पुरं लोखंड पायजे म्हने."

हिंमतराव असा हसला की बैलांनी मान वर केली.

"अरे बाप्पा! म्हंजे गुरुवारपासून तू मोकळा! ये मंग माह्या गाडीवर पोते चढवाले. येशीन ना बे, पुंज्या?"

किती वर्षांनी तो शब्द कानावर पडला! पुंजाजीनं मडगार्ड उचललं आणि त्यातलं पाणी ओतलं. ते हिंमतरावाच्या धोतरावर कसं काय पडलं हे कुणी विचारू नये.

बुधवारी हरणीची आंघोळ झाली. लाकडी पेटी खोलून झाली. इंजिनात एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. ती कुणाच्या बापाला दाद देईना, तेव्हा तानुबाईनं तिला अंड्यांसकट पाटीत घालून घरी नेलं आणि वाटेत दोन चोची खाल्ल्या. टायरांत हवा राहत नव्हती म्हणून पुंजाजीनं त्यांत गच्च कुटार, गुरांचं भुसकट, भरलं. भोंगा तेवढा सुट्या सामानाच्या पोत्यात टाकला. बाकी सगळं जागच्या जागी बसवून झाल्यावर तो मागं सरकून पाहायला लागला आणि त्याचे डोळे भरून आले. भंगारात जायला निघालेली हरणी खामगावहून आणली तेव्हापेक्षा चांगली दिसत होती. त्यानं तानुबाईकडून हळद अन् लोणी मागवलं आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात तशी दोन्ही मडगार्डं मळली.

ते पाहून बाया जमल्या. रुखमाबाई पुढं झाल्या.

"अवं, हरणी म्हंजे लेकच की! चालली कायमची. रिकाम्या वटीनं धाडता का तिले?"

पटलं साऱ्यांना. तांदूळ आले, नारळ आला, खण आला. पण अडचण अशी, की मोटारीची ओटी कुठं असते? एक म्हणे बानेट, कारण तोंड तिकडं. दुसरी म्हणे मागं, पेटी होती ती जागा, कारण सारं आयुष्य माल तिथंच भरला. बराच वेळ वाद चालला. अखेर तानुबाईनं निकाल दिला, की डायव्हर बसतो ती कूस, म्हणून ओटीही तिथंच. रुखमाबाईंनी पदर सावरला, हळदकुंकू लावलं आणि ओंजळभर तांदूळ सीटपुढं सोडले. ते खारानं खाल्लेल्या भोकातून थेट खाली गेले आणि खाली कोंबड्या टपलेल्याच होत्या. पुन्हा सोडले, पुन्हा गेले. शेवटी भोकावर परात ठेवली तेव्हा हरणीची ओटी एकदाची भरली.

गुरुवारी सकाळी खाली सडकेवर जहांगीरभाईची लॉरी धूर सोडत येऊन उभी राहिली. तिला पाहायला सडकेकाठचा आख्खा बाजार लोटला. वर टेकाडावर हिंमतरावानं आपली जोडी आणली. हरणीला दोर बांधून बैलांनी खाली न्यायचं ठरलं होतं. पुंजाजी कोट घालून जागेवर बसला. वामनराव "चला, देवाचं नाव घ्या" म्हणणार, एवढ्यात रुखमाबाई ओरडल्या.

"थांबा वो! दावं?"

साऱ्यांचे चेहरे खर्रकन उतरले. आमच्याकडं जनावर विकलं तर त्याच्या गळ्यातलं दावं कुणी देत नाही. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, विकणाऱ्यानं आपलं सोडून ठेवायचं. दावं गेलं की कोठ्याची बरकत गेली. वामनरावांच्या वडलांनी एकदा घाईत म्हैस दाव्यासकट देऊन टाकली होती, आणि त्या वर्षी कोठ्यात शेण टाकायलाही जनावर उरलं नव्हतं, असं घरात अजून सांगत.

"नाही नाही, दावं नाही जाऊ द्याचं!" वामनरावांना घाम फुटला. "पन मोटारीचं दावं कोनतं?"

"भोंगा असंन," कुणीतरी म्हणालं.

"मंग सुरू कराचं हांडेल," वामनराव म्हणाले. पण हांडेल कधीचं विहिरीत पडलेलं होतं.

रुखमाबाई म्हणाल्या, "जनावर ज्यानं वळते ते दावं. हरणी कायनं वळे, डायव्हर?"

सगळे पुंजाजीकडं पाहायला लागले. पुंजाजीला खालची वाट दिसत होती. उतार होता, मारुतीच्या पारापाशी एक वळण, विहिरीपाशी दुसरं. स्टेरिंगाशिवाय हरणी खाली न्यायची म्हणजे शुद्ध बह्याडपणा, हे या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तोंड उघडायचं आणि एवढंच सांगायचं! पण त्याला त्याच वेळी आपल्या घराची भिंतही दिसायला लागली. त्या भिंतीवर खुंटीला टांगलेलं स्टेरिंगचं चाक. येणारा-जाणारा दारातूनच पाहील. भिंतीवर स्टेरिंग असलेल्या माणसाला पुंज्या म्हणायची कुणाची छाती आहे?

"स्टेरिंगनं," तो म्हणाला. "तेच दावं."

आणि कुणी फेरविचार करायच्या आत त्यानं पाना काढून नट खोललाही.

"माह्याच घरी ठेवतो जी मालक. तेल-पानी करत जाईन."

"हाव, ठेव ठेव."

हिंमतराव तेवढा कपाळाला आठ्या घालून उभा होता. "मंग खाली वळंन कशी हे?"

"बैल वळवतीन ना," पुंजाजी म्हणाला. "का तुमच्या बैलांवर भरोसा नाही?"

असं म्हटल्यावर हिंमतरावानं कासरा ओढलाच. हरणी कुरकुरली, हलली आणि निघाली. पुंजाजी मांडीवर स्टेरिंग धरून असा ताठ बसला होता की रुखमाबाईंनी वरून कुंकू उधळलं.

सपाटीवर सारं छान झालं. मग उतार लागला.

उतार लागल्यावर हरणीला बैलांची गरज उरली नाही. ती आपल्या वजनानं निघाली आणि दोर ढिला पडायला लागला. बैलांनी मागं वळून पाहिलं, तर हळदीनं माखलेलं एक तोंड त्यांच्या शेपटीला लागायला आलेलं. ते उधळले. हिंमतरावाला बैल पोटच्या पोरांसारखे. त्यानं एका झटक्यात दोराची गाठ सोडली आणि जोडी बाजूच्या वावरात घातली.

"हिंमतराव! अहो, दोर!" पुंजाजी ओरडला.

"दोर गेला खड्ड्यात! बैल वाचले माहे!"

आता हरणी मोकळी सुटली. पुंजाजीनं बिरेकवर पाय मारला तर बिरेक पायासकट भोकातून खाली गेला. भोंगा वाजवायला हात टाकला तर भोंगा सामानाच्या पोत्यात. मग त्यानं तोंडानंच सुरू केलं. "पोंऽऽ! पोंऽऽ! हटा! सरका! अहो आजी, सरका ना वो! पोंऽऽ!" मागच्या टायराची शिवण उसवली आणि कुटाराचा फवारा उडायला लागला. ते पाहून चार-दोन वासरं मागं धावत सुटली.

मारुतीचा पार जवळ आला. पुंजाजीचे हात आपोआप वर आले आणि त्यानं हातातलं चाक हवेत कर्रकन डावीकडं फिरवलं. आणि हरणी वळली! क्षणभर त्याला कळेचना. विहीर आली, त्यानं चाक उजवीकडं फिरवलं, हरणी उजवीकडं वळली. आता यात जादूबिदू काही नव्हती. त्या वाटेवर बापजाद्यांपासून बैलगाड्या जाऊन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. हरणीची चाकं त्या चाकोरीत बसली होती आणि चाकोरी जिकडं नेईल तिकडं ती जात होती. पण भजी तळणाऱ्या पुष्पाबाईला काय दिसलं? तर वरून एक मोटार कुटार उडवत येते आहे, वासरं तिच्या मागं धावताहेत, आणि आत डायव्हर ओरडत, चाक गरगरा फिरवत, दोन्ही पाय जमिनीवर घासत बसलेला आहे.

सडक आली तेव्हा एक वहाण संपली होती आणि दुसरी पेटायच्या बेतात होती. हरणी धापा टाकत आली, मंदावली आणि जहांगीरभाईच्या लॉरीला मागून अगदी हलकेच टेकली. जहांगीरभाईच्या कपातला चहा तेवढा सांडला.

"वा रे डायव्हर!" बाजारात एकच गलका झाला. पुष्पाबाईनं गरम भज्यांचा द्रोण पुढं केला. पुंजाजीची छाती फुगली. असा मान त्याला हरणी चालत होती तेव्हाही मिळाला नव्हता.

पण हिंमतराव खांद्यावर दोर टाकून धावत खाली आला होता. त्यानं गर्दीतून वाट काढली, पुंजाजीच्या हाताकडं पाहिलं आणि बोट दाखवलं.

"अरे पाहा! पाहा बे लोकहो! चाक याच्या हातात हाय! गाडीले चाकच नाही! हरणी आपआपली वळली. म्हंजे इतके वर्सं हा आत नुसता बसूनच राहे!"

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग काय विचारता! बाजार लोटपोट झाला. पुष्पाबाईनं द्रोण मागं घेतला. वामनराव मागून धापा टाकत आले, त्यांनी ऐकलं आणि डोकं खाजवत म्हणाले, "खरंच की बे. मंग मी याले खामगावले शिकाले कायले धाडलं होतं?"

हे मात्र पुंजाजीच्या वर्मी लागलं. त्याला बोलायचं होतं, चाकोरीचं सांगायचं होतं, पण त्या गलक्यात ऐकणार कोण? आणि खरं सांगायचं तर त्या हसण्यात त्याला स्वतःलाही शंका आली. ही इतकी वर्षं आपलीआपणच तर चालत नव्हती ना? पुंज्या होणं परवडलं, पण हे! पुंज्या निदान पोती तरी उचलायचा.

"चलो, अपने को क्या," जहांगीरभाई म्हणाला. "आपआपली येते तं बहुत अच्छी बात हाय. उतरा मियां." त्यानं साखळीनं हरणी लॉरीच्या मागं बांधली, कोळशाची भट्टी ढोसली आणि लॉरी खोकत निघाली.

सडक होती सरकारी, सपाट, गुळगुळीत. तिच्यावर चाकोरी नव्हती. लॉरी निघाली सरळ, हरणी निघाली उजवीकडं. तिला आधी पुष्पाबाईची कढई खुणावत होती, पण ऐनवेळी मन बदललं आणि ती डावीकडं गेली. डावीकडं हिंमतरावाची रेंगी सोडलेली होती, शंकरपटाची हलकी गाडी, शिंगं रंगवावीत तशी तिची चाकं रंगवलेली. हरणी त्या रेंगीवरून कर्रकच्च करत गेली आणि तोंड खाली घालून नालीत बसली. साखळी ताणली, लॉरीचा मागचा पाय उचलला आणि तिनं सगळा धूर बाजारावर सोडला.

"या अल्ला!" धुरातून जहांगीरभाई ओरडत आला. "ही तं आंधळी हाय! हिले चाक लावा आन् चाकावर मानूस बसवा. नाही तं ठेवा तुमच्या घरी, मले नाही पायजे!"

हसणं बंद झालं होतं. सगळे पुंजाजीकडं पाहत होते. पण वामनरावांनी हात आडवा केला.

"दावं मी देनार नाही. माहा कोठा ओस पाडता का?"

आता आली का पंचाईत! चाक लावलं तर बरकत जाते, न लावलं तर हरणी जात नाही. जहांगीरभाई साखळी सोडायला वाकला. तेव्हा तानुबाई पुढं आली. ती पदर दाताखाली धरून मघापासून सारं पाहत होती, आणि नवऱ्याला हसलेल्या एकेकाचं तोंड तिनं ध्यानात ठेवलं होतं.

"मालक, रागावू नका. दावं म्हंजे दोर. हरणीले जन्मात आज पह्यल्यांदा दोर बांधला. थो हा काय, हिंमतरावच्या खांद्यावर. तो घ्या काढून."

वामनरावांनी दोराकडं पाहिलं. मग त्यांनी तो हिंमतरावाच्या खांद्यावरून उचलला आणि डोक्याला लावला. "अरे, हेच तं दावं! कोन म्हने बे स्टेरिंग म्हनून?"

"माहा दोर हाय तो!" हिंमतराव म्हणाला, पण त्याच्याकडं कुणी पाहिलंही नाही.

सगळ्यांचं सगळं निभावलं. राहिला पुंजाजी, छातीशी चाक धरून. आता भिंत गेली, खुंटी गेली. त्यानं नालीकडं पाहिलं. हरणी चिखलात तोंड घालून बसली होती, मडगार्डावरची हळद पाण्यात उतरत होती आणि ओटीचा नारळ नालीत तरंगत होता. भर बाजारात तिला आंधळी म्हणवून घेतलं, ते कुणापायी? एका खुंटीपायी. पुंजाजीला स्वतःची अशी लाज वाटली की त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलंही नाही.

"लाजू नोको माय," तो हरणीला म्हणाला. "मी येतो संगं."

तो नालीत उतरला. चाक बसवलं, नट आवळला, कोटाच्या बाहीनं पुसलं. चार जणांनी हात लावून हरणी वर काढली. पुंजाजी जागेवर बसला, त्यानं चाक धरलं आणि मान हलवली. लॉरी निघाली. हरणी तिच्या मागं सरळ, सुतात निघाली. कुणी हसलं नाही. वळणावरून ती दिसेनाशी होईपर्यंत तानुबाई सडकेच्या मधोमध उभी होती.

खामगावपर्यंत पुंजाजीनं कोळशाचा धूर खाल्ला. जहांगीरभाईच्या आवारात गंजक्या लोखंडाचे ढीग होते, मधून एक बोळ होता. त्या बोळातून त्यानं हरणी कुठंही न घासता आत नेली आणि भिंतीशी लावली. जहांगीरभाई बघतच राहिला.

"बहोत खूब! चाक घेऊन जा मियां. निशानी म्हनून. एका चाकानं माह्यं काय कमी होते?"

पुंजाजीनं चाकावर हात ठेवला. फार वेळ ठेवला. मग उतरला.

"राहू द्या जहांगीरभाई. तिचं तिच्याजवळ बरं."

रात्री तो तिथंच एका ढिगाआड झोपला आणि दुसऱ्या दिवशी अमडापूरकडं निघाला. काही वाट पायी, काही वाट कुणाच्या गाडीत. जसजसं गाव जवळ येत होतं तसतशी त्याची चाल मंदावत होती. टेकाडावर कडुलिंब दिसला आणि त्याखाली काहीच नव्हतं. हरणी नाही, चाक नाही, पायांत एकच वहाण. आता जे काय म्हणायचं ते म्हणोत, असं मनाशी म्हणत तो खाली मान घालून बाजारात शिरला.

हिंमतराव पुष्पाबाईच्या दुकानासमोर मोडकी रेंगी आडवी टाकून बसला होता. तिचं चाक त्याला एकट्यानं बसत नव्हतं. तो घामाघूम झाला होता आणि रात्रभर राग साठवून बसला होता. पुंजाजी दिसताच त्याचे डोळे चमकले. त्यानं भर बाजारात, साऱ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली.

"ए पुंज्या!"

पुंजाजी चालत राहिला.

"ए पुंज्या! बहिरा झाला का बे? पुंज्याऽऽ!"

आता पुंजाजी थांबला. त्यानं वळून मागं पाहिलं, मग आणखी मागं. मागं वाटेवर एक शेळी होती. त्यानं डाव्या बाजूला पाहिलं, उजव्या बाजूला पाहिलं आणि हिंमतरावाजवळ आला. त्यानं चेहऱ्यावर अगदी खरं वाटावं असं कुतूहल आणलं होतं.

"कोनाले हाका मारून राह्यले हिंमतराव?"

"हाव ना," पुष्पाबाई झाऱ्या थांबवून म्हणाली. "मी बी तेच पाह्यते. कोन जी हा पुंज्या? आपल्या गावात तं नाही कोनी."

न्हावी दुकानाबाहेर येऊन वाटेकडं पाहायला लागला. दोघे-तिघे आणखी उठले आणि तेही पाहायला लागले. हिंमतरावानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. कुणी थट्टा करत नव्हतं; डायव्हरशिवाय हरणी कशी नालीत गेली, हे काल साऱ्यांनी पाहिलं होतं. मग त्यानं पुंजाजीच्या तोंडाकडं पाहिलं, फार वेळ पाहिलं, आणि हातातला हातोडा खाली ठेवला.

"कोनी नाही," तो म्हणाला. "डायव्हर, जरा इकडं या. हे चाक धरा."